ओळखा पाहू, दळतंय कोण?

सुरतेत आमच्या बायकांच्या मंडळांमधून सध्या एका खेळाची फार चलती आहे. दूरदर्शनच्या काळातल्या विनोदी मालिकांचे तुकडे पडद्यावर लावायचे आणि पात्रांच्या पाठीमागे जे सामान दिसतं ते ओळखायचं. हा केल्व्हिनेटरचा फ्रीज, तो सुमीतचा मिक्सर, ती उषाची शिलाई मशीन, तो कुलूप लावलेला काळा टेलिफोन. जी पहिली ओरडेल तिला बक्षीस. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. हॉल नुसता खदखदत असतो. आणि प्रत्येक वस्तूमागे एक उसासा ठरलेला: काय टिकायच्या गं वस्तू तेव्हा! काय दिवस होते!

माझं भांडण त्या उसाशाशी आहे.

मालिकांशी नाही, हे आधीच सांगते. चिं. वि. जोशींचा चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आला तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आपल्या घरचेच झाले होते. 1984मध्ये ‘ये जो है जिंदगी’ आली, त्यात सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे, आणि त्या वेळी रस्ते ओस पडायचे. 1988मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतला सामान्य माणूस ‘वागळे की दुनिया’त अंजन श्रीवास्तव यांच्या रूपाने चालायला लागला, आणि भारती आचरेकरांनी त्याच्या बायकोत आपली बहीण, वहिनी, शेजारीण सगळी उभी केली. हे सगळं मी आवडीने पाहिलं आहे, अजून पाहते. पण तेव्हाही एक गोष्ट डोळ्यांत खुपायची. या मालिकांचं घर म्हणजे बैठकीची खोली. मध्ये सोफा, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पडदा. बाई त्या पडद्यातून ट्रे घेऊन बाहेर येते आणि रिकामा ट्रे घेऊन आत जाते. विनोद बाहेर होतो. आत काय होतं ते कॅमेऱ्याला माहीत नसतं, किंवा त्याला त्याची फिकीर नसते.

आता हेच बघा ना, फ्रीज सहज ओळखता येतो याचं कारण तो बैठकीत असायचा! मालिकेतच नाही, आपल्या घरांतही. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, हँडलला कापडी पट्टी. पाहुण्याला दिसला पाहिजे म्हणून तो बाहेर, आणि बाई मात्र दुधाच्या पातेल्यासाठी दिवसातून पन्नास खेपा घालतेय. गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज 1958मध्ये आणला. त्यानंतर कित्येक वर्षं मध्यमवर्गीय घरात तो मानाचा दागिनाच होता. दागिना टिकतोच. रोज जरा जपून उघडायचा, पोरांना हात लावू द्यायचा नाही, महिन्यातून एकदा बर्फ वितळवून, फडकी टाकून, पाणी काढून पुसायचा. हे कोण करायचं? ‘तेव्हाची वस्तू टिकायची’ म्हणणाऱ्या बाईने आपल्या आईचे हात आठवावेत. मिक्सर टिकायचा कारण तो सणावारालाच खाली उतरायचा. रोजच्या चटणीला पाटा होता, आणि पाट्यासमोर आई होती.

सुमीतचं नाव या खेळात फार निघतं, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. माधुरी माथूर यांच्याकडे परदेशी बनावटीचा ब्राउनचा मिक्सर होता. भारतीय वाटणाला तो पुरा पडला नाही, मोटार गेली. नवरा सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या डाळी, नारळ, ओल्या वाटणासाठी दणकट मोटारीचा मिक्सर बनवायला घेतला, आणि 1960च्या दशकात सुमीत बाजारात आला. गोष्ट अशी सांगितली जाते की एका हुशार इंजिनिअरने यंत्र बनवलं. खरंच बनवलं, त्यांना नमस्कार. पण ही गोष्ट सुरू कुठून होते? एका बाईने पाट्यावर परत जायला नकार दिला तिथून. ती म्हणाली असती की असू दे, वाटते हाताने, तर देशात सुमीत झाला नसता. आणि आम्ही खेळात फक्त डब्यावरचं नाव वाचतो.

यंत्र मागणाऱ्या बाईची टर उडवणं ही या मालिकांची जगभरची जुनी खोड आहे. अमेरिकेतली ‘आय लव्ह ल्युसी’ घ्या. 1952च्या एका भागात ल्युसी आणि तिची शेजारीण एथेल हिशेब मांडतात की लग्नापासून आपण भांडी किती घासली. आकडा लाखांत जातो. म्हणून त्या नवऱ्यांकडे भांडी धुण्याचं यंत्र मागतात. नवरे काय करतात? पैज लावतात, की 1900 सालानंतर निघालेली एकही वस्तू न वापरता राहून दाखवा. मग लोणी घुसळणं आलं, घरी पाव भाजणं आलं. खमीर इतकं पडतं की भट्टीतून पावाचा ओंडका बाहेर येतो आणि ल्युसीला पार मागे रेटतो. हसून हसून पोट दुखतं, मी स्वतः हसले आहे. पण मूळ मागणी कुठे गेली? भांड्यांचा हिशेब कुठे गेला? पावाच्या ओंडक्याखाली गाडला गेला. ‘द हनीमूनर्स’मधल्या अ‍ॅलिसचं तेच. 1955 साली बाकीच्या अमेरिकेत विजेचे फ्रीज आलेले, आणि या बसड्रायव्हरच्या बायकोच्या घरात अजून बर्फाची लादी ठेवायची पेटी. तिला घरात टीव्ही हवाय, कारण दिवसभर तिच्यासमोर चूल, मोरी आणि चार भिंती. ‘बिविच्ड’ची सामंथा तर चेटकीण, नाक हलवलं की घर लख्ख. तिच्या नवऱ्याची अट काय, तर जादू वापरायची नाही, इतर बायकांसारखं हाताने कर. अट कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही.

आपल्याकडे एकच बाई त्या पडद्याबाहेर आली. 1985मध्ये बासू चॅटर्जींची ‘रजनी’. प्रिया तेंडुलकर पदर खोचून गॅस सिलिंडरवाल्याला जाब विचारायची, आणि त्या काळी सिलिंडरसाठी ताटकळलेल्या देशभरच्या बायका घरात बसून टाळ्या वाजवायच्या. टॅक्सीवाल्यांवरचा भाग इतका झोंबला की टॅक्सीवाल्यांनी निषेध केला. विनोदी मालिका नव्हती ती, पण घरातली वस्तू कुठून येते, का येत नाही, कोण अडवतं, हे विचारणारी होती. त्याच प्रिया तेंडुलकर दहा वर्षांनी ‘हम पाँच’मध्ये आल्या तेव्हा कुठे होत्या? भिंतीवर. मेलेल्या पहिल्या बायकोच्या तसबिरीत. तिथून त्या अशोक सराफना टोमणे मारायच्या. भूमिका त्यांनी झकास केली, वादच नाही. पण मंडळात त्या मालिकेचा तुकडा लागला तेव्हा बायका भिंतीखालचा टेलिफोन ओळखत होत्या, आणि तसबिरीतली रजनी कुणाच्याच नजरेला आली नाही. मला मात्र तेव्हापासून ती तसबीर सोडत नाही.

आता घरच्या विषयाकडे येते, कारण खरा राग तिथे आहे.

या खेळानंतर चहा-नाश्ता होतो, आणि मग कुणीतरी ज्येष्ठ बोलायला उभं राहतं. हल्ली भाषणाची दिशा ठरलेली आहे. जुनं ते सोनं. मिक्सर आला आणि यतना गेली. फ्रीज आला आणि वासी अन्न आलं. आजकालच्या सुना आळशी. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या, म्हणून त्यांना दवाखाना माहीत नव्हता. मुलींनो, तुम्ही निदान पर्युषणात तरी पाट्यावर वाटायचा नियम घ्या. टाळ्या. आणि कोपऱ्यात बसलेली, सकाळी सहाला उठून घर आवरून, दिवसभर रिंग रोडच्या कापडबाजारात हिशेब लिहून, पोराला क्लासला सोडून आलेली सून मान खाली घालून नियम घेते. बरं, ती घरी जाते तेव्हा सूर्य मावळायच्या आत सगळ्यांचं ताट वाढून झालं पाहिजे, कारण घरात चौविहार आहे. चौविहार सगळ्यांचा. धावपळ तिची एकटीची.

मी धर्माच्या विरुद्ध बोलत नाही. धर्मानेच बोलते.

आपल्या श्रावकाचारात पंचसूना सांगितल्या आहेत. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडकात दानाच्या प्रकरणी त्यांचा उल्लेख येतो. घर चालवताना पाच ठिकाणी जीवहिंसा होते. कोणत्या पाच? कांडण, दळण, चूल, पाण्याचं भांडं आणि केरसुणी. बायांनो, ही यादी एकदा हळू वाचा. या पाचांतली एक तरी वस्तू पुरुषाच्या हातात असते का हो? तराजू नाही यात, दौत-लेखणी नाही, हिरा घासायची घंटी नाही. घरातल्या हिंसेची सगळी हत्यारं बाईच्या हातात, आणि तो दोष धुवायला जे दान सांगितलं त्याची पावती मात्र कुणाच्या नावावर फाटते, ते उपाश्रयाच्या फलकावर जाऊन वाचा.

पण शास्त्र इथे थांबत नाही. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केलेल्याला संमती दिलेली, तिन्ही सारखंच बांधतं. पाठशाळेत आठ वर्षांच्या पोरालाही हे शिकवतात. मग पाट्यावर जे वाटलं जातं त्यातला दोष वाटणारीचा आणि चव घेणारा मोकळा, हे गणित कुठल्या आगमात आहे? आणि यतना ही जर आपली चाड असेल तर तिचा हिशेब तरी खरा मांडा. जात्याच्या पाळ्यांच्या फटीत, पाट्याच्या टाकीत अडकलेलं पीठ, त्यात पडणारे किडे, ते रोज झाडून, निवडून, पुसून काढायला लागणारा वेळ: यतना म्हणजे हाच वेळ. तो ज्या बाईकडे नाही तिला पाटा देऊन तुम्ही अहिंसा वाढवत नाही.

पिठाचंच घ्या. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा सांगतात, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये दर तिसऱ्या दिवशी दळण. हा नियम ज्यांनी मांडला त्यांना किडीचं ज्ञान होतं, दमट हवेत पीठ कसं खराब होतं हे ठाऊक होतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. गुजरातेत घरघंटी एवढी खपते त्याचं एक कारण आपली घरं आहेत. घरघंटीने हा नियम पाळणं सोपं केलं. अशी यंत्रंही असतात, जी व्रताला मदत करतात. त्यांचं नाव मात्र कुठल्या भाषणात येत नाही, कारण मग सुनेला आळशी म्हणता येत नाही.

आणि फ्रीज! मळलेली कणीक रात्रभर ठेवणं चूक, हे मला मान्य. मी ठेवत नाही. पण बावीस अभक्ष्यांत बर्फही आहे, हे ज्येष्ठांना आठवतं का? मे महिन्यात, सुरतेच्या त्या चिकट उकाड्यात, घरातल्या पुरुषांसाठी फ्रीजमध्ये बाटल्यांची रांग आणि आइस्क्रीमचा डबा असतो, तेव्हा फ्रीजला कुणी काही म्हणत नाही. दोष लागतो तो सुनेने सकाळची घाई वाचावी म्हणून चिरून ठेवलेल्या भाजीला. वीज सचित्त की अचित्त यावर आपल्या समाजात किती पानं लिहिली गेली असतील! ती चर्चा करावी, जरूर करावी, साधूंच्या आचाराला ती महत्त्वाचीच आहे. पण गृहस्थाघरी तिचा निकाल नेहमी एकाच दाराशी कसा लागतो? एसीवर नाही, लिफ्टवर नाही, दुकानाच्या दिव्यांच्या पाटीवर नाही. मिक्सरवर.

नियम ज्याने घ्यायचा त्याने घ्यावा. पच्चक्खाण स्वतःच्या तोंडाने, स्वतःसाठी घेतात. दुसऱ्याच्या मनगटावर पच्चक्खाण घेता येत नाही.

जाता जाता एक. 2006च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरचे फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही सगळं चिखलात गेलं. पाणी उतरल्यावर रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग होते. तेव्हाही ऐकलं होतं मी: बघा, यंत्रं गेली, पाटा-वरवंटा राहिला! हो, राहिला. धुऊन घेतला की झाला. मग नवीन मिक्सर येईपर्यंत त्यावर वाटलं कुणी, आणि घरातला गाळ उपसता उपसता वाटलं, हे त्या वाक्यात येत नव्हतं. त्याच दिवसांत नवीन टीव्ही मात्र आधी आला, हे मी एका घरात नाही, ओळीने चार घरांत पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढून बघा, देशात टीव्ही असलेली घरं फ्रीज असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आणि वॉशिंग मशीनवाली त्याहूनही कमी. पूर असो नसो, क्रम तोच.

यावर कुणी म्हणेल, मग आता यंत्रं आली ना घरोघर, अजून काय रडता? नाही बाई, यंत्रांनी सुटका होते असंही मी म्हणत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईने 1983मध्ये एक आख्खं पुस्तक यावर लिहिलं. तिचं म्हणणं असं की यंत्रं आली तशी पुरुषांची, पोरांची, नोकरांची घरकामं गेली. बाईची मात्र वाढली, कारण रोज कपडे बदलायची, रोज वेगळं खायची अपेक्षा वाढली. पटतं मला. मिक्सर आल्यावर एक चटणी होती तिथे तीन झाल्या. 2019च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला बायका दिवसाचे 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, असं निघालं. त्यातही हे आकडे फक्त जे हे काम करतात त्यांचे आहेत. जे पुरुष काहीच करत नाहीत ते या सरासरीत मोजलेलेही नाहीत. पाच तास! सगळे मिक्सर, सगळे कुकर, सगळ्या घरघंट्या धरून पाच तास.

आपल्या गुजराती विनोदाने यंत्राला एक पात्र दिलं, ते मला फार मासलेवाईक वाटतं. 2004मध्ये आलेली ‘साराभाई वर्सेस साराभाई’. साराभाई हे आडनाव देशाला ज्या अहमदाबादी घराण्यामुळे माहीत ते जैन, पण मालिकेतल्या कफ परेडच्या साराभाईंचा त्या घराण्याशी संबंध नाही, ते सोडा. त्यातला जावई दुष्यंत. देवेन भोजानींनी केलाय. घरातलं काही बिघडलं की हा हत्यारं घेऊन बसतो आणि फ्रीज थंड कसा करतो, मिक्सर फिरतो कसा, याचं न संपणारं प्रवचन सुरू करतो. सगळे पळतात. मीही हसते. पण बघा, यंत्राचं मन जाणणारा आहे तो पुरुष, आणि त्या यंत्राला रोज पुसणारी कोण ते आपण कधी पाहतच नाही. तिथे मोनिषा घासाघीस करून, फुकटच्या योजना शोधून स्वस्तातली वस्तू घरी आणते, आणि सासू तिला मध्यमवर्गीय म्हणून हिणवते. पैसा वाचवला त्याचं काय? त्याला हशा. ‘खिचडी’त तर हंसाच्या आळशीपणावर अख्खा देश हसला. घर चालवणारी मोठी विधवा जाऊ जयश्री आहे, हे किती जणींच्या लक्षात आहे?

खेळ बंद करा असं मी म्हटलं नाही. मंडळाच्या मागच्या बैठकीत मी लेखी सूचना दिली आहे. एक, पडद्यावरची वस्तू ओळखली की तिच्याखाली दुसरा प्रश्न विचारायचा: ही तुमच्या घरी कोणत्या वर्षी आली, आणि तिच्या आधी टीव्ही आला होता का? दोन, पर्युषणात पाट्यावर वाटायचा नियम द्यायचाच असेल तर तो घरातल्या प्रत्येक खाणाऱ्याने पाळी लावून घ्यायचा, वय वर्षं पंधराच्या वर, बाप्यांसकट. वाटण येत नसेल त्यांना शिकवायला मी माझा पाटा घेऊन येते. तीन, ‘हम पाँच’चा तो तुकडा पुन्हा लावायचा आणि या वेळी तसबिरीतली बाई कोण, हे विचारायचं.

पहिली सूचना हसत हसत मंजूर झाली. तिसरीला कुणाची हरकत नाही. दुसरी ट्रस्टींकडे पाठवली आहे. ट्रस्टी सगळे पुरुष आहेत, आणि पर्युषणाला आता पाच आठवडे उरलेत.